शीर्ष क्रमांक चार

अठरा हजार पाचशे उरलेत.
पैसे कमी पडले असते तर कुणी हळहळलं तरी असतं.
उरले, म्हणजे आता खुलासा.

सुतारवाडीच्या उतारावर, संरक्षक भिंतीच्या बुडाशी
एक झरा होता. होता म्हणजे
येसाबाई खरातांच्या बोलण्यात होता.
जागेवर राडारोडा, फुटकं कमोड, थर्माकोलचं मखर
आणि कुणी कुणी आणून ठेवलेले देव,
तडकलेल्या काचांतून नाल्याकडे बघणारे.

अर्ज मी लिहिला. एकतीस वर्षं बँकेत काढल्यावर
रकान्यांची भीती वाटत नाही, एवढाच माझा अधिकार.
समस्येचे स्वरूप, दोनशे शब्दांत.
अपेक्षित परिणाम, मोजता येतील असे.
लाभार्थी: चारशे बारा.
हा आकडा रौफभाईंनी चहा ढवळता ढवळता काढला,
मी तीनदा घरं मोजली, चूक सापडली नाही.
शीर्ष एक, मजुरी. दोन, वाहतूक. तीन, रोपं आणि कुंपण.
चार: पंप, अर्धा अश्वशक्ती, नग एक, पाइपसह.
पाणी खालून वर आणायचं तर पंप लागणारच,
असं सगळ्यांचं मत पडलं.
येसाबाईंचं कुणी विचारलं नव्हतं.

मंजुरी आली अकरा महिन्यांनी.
तोवर दोन सभासद भांडून गेले, एक बंगळुरूला गेला.

मग नऊ रविवार.
आधी देव हलवले, हात धुऊन, एकेक.
ट्रॅक्टरवाल्या बालवडकरांकडे पावती मागितली
की ते डिझेलच्या भावावर यायचे.
येसाबाई नऊही रविवार हजर, हजेरीपटावर मात्र नाहीत:
मजुरी नको, अंगठा नको.

नवव्या रविवारी टिकाव गाळात रुतला
आणि निघाला तो चकाकत.
आम्ही सगळे पुणेकर, त्यामुळे आधी
रौफभाईंनी महापालिकेला फोन लावला,
लाइन फुटली म्हणून.
येसाबाईंनी पदर खोचला, गाळ बाजूला सारला,
पाणी नितळू दिलं. बराच वेळ.
मग ओंजळभर प्यायल्या.
"नळाचं असं लागत नाही," म्हणाल्या.

तेव्हापासून ते आपलं आपण वर येतंय.
मी बादली लावून, घड्याळ धरून मोजलं:
मिनिटाला सहा लिटर.
मे महिन्यात चार.

आणि आता विचारणा: शीर्ष चार अखर्चित का?
फोनवरचा अन्वय चांगला मुलगा आहे.
"काकू, पंप घेऊनच टाका ना,
नाहीतर पुढच्या वर्षी तुमचं नाव मागे पडेल."
घेऊन काय करू?
"ठेवा. फोटो पाठवा, जागेच्या नोंदीसकट."
त्या पैशांत उतारावर पायऱ्या होतील, म्हटलं,
येसाबाई बसत बसत उतरतात.
"शीर्ष बदलता येत नाही, काकू."

खोटं कशाला बोलू,
रात्री मी पंपांचे भाव बघितले.
एक निळा होता, दोन वर्षांची हमी.
झऱ्याशेजारी तो कसा दिसेल, तेही बघितलं.

सकाळी खुलाशाच्या चौकटीत लिहिलं:
पाणी स्वतःहून वर आले. पंपाची गरज उरली नाही.
चौकट बरीच मोकळी राहिली.
तिथे आणखी काही लिहावंसं वाटलं नाही.

बँकेत डिमांड ड्राफ्ट काढायला गेले.
अठरा हजार पाचशे, अधिक व्याज दोनशे अकरा.
काउंटरवरच्या मुलीने फॉर्म उलटा करून पाहिला,
"परत करताय?"
हो.
"का?"
तिलाही तेच सांगितलं, चौकटीतलं.
मागे रांग होती, तरी ती थोडी थांबली,
मग म्हणाली, कमिशन वेगळं द्यावं लागेल.

ते कोणत्या शीर्षाखाली घालावं
हे एकतीस वर्षांच्या अनुभवालाही सुचेना.
पर्स उघडली, सुटे मोजून दिले.
पावती घेतली. सवयीने.